आईच्या पन्नास मिस्सा

आई जाऊन चौदा महिने झाले होते, पण ऐन दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालं की ती चुलीपाशी येऊन उभी राहायची. नुसता रिकामा हात पुढे करायची.

तिचं देणं होतं माझ्याकडे. मरताना तिने चांदीचे शंभर रेआल माझ्या हातात ठेवले होते. "फ्रुतोस, माझ्या आत्म्यासाठी चर्चमध्ये पन्नास मिस्सा-प्रार्थना म्हणवून घे. स्वर्गाच्या अलीकडे, शुद्धिस्थानात तिष्ठत ठेवू नकोस रे मला."

आणि मी दीडशहाणा! सेगोव्हियाच्या टांकसाळीत तीस वर्षं हातोडा मारलेला माणूस. त्याच सुमारास हुकूम आला, तांब्याच्या दोनच्या नाण्यावर आठचा शिक्का मारा. जहाजं भरभरून आलेली चांदी आमच्या स्पेनच्या चौथ्या फिलिप महाराजांनी लढायांत आणि नाटकं-मेजवान्यांत उधळलेली. आता तांब्यालाच चांदी म्हणायचं. मी दिवसभर नाणी ठोकायचो, आणि ठोकता ठोकता मलाच ते खरं वाटायला लागलं. बाजारात चांदीला दीडपट तांबं मिळत होतं. आईचे शंभर रेआल देऊन दीडशेचं तांबं घरी आणलं. म्हटलं, पन्नास कशाला, आईला पंचाहत्तर मिस्सा!

पाद्रीबाबांकडे जायला आज-उद्या करत राहिलो. तेवढ्यात दुसरा हुकूम निघाला, आठचं नाणं पुन्हा दोनचं. दीडशेचे सदतीस उरले; त्या पोतंभर तांब्यात जेमतेम अठरा मिस्सा झाल्या.

"राजाने स्वतःचं नाक कापून घेतलं, घेऊ दे," माझी बहीण ब्रिखिदा कडाडली. "पण दादा, तू आईला का बाजारात नेलंस?"

त्याच दुपारपासून आई यायला लागली.

शेवटी बतिस्ताकडे गेलो. इटलीतल्या जिनोव्हाचा सावकार, राजालासुद्धा कर्ज देणारा.

"तांबं घेऊन आला असशील तर आल्या पावली परत जा," तो हसला. "तुमच्या राजाच्या शिक्क्यावर आमच्याकडे कांदासुद्धा मिळत नाही, बाबा."

"तांबं नाही. चर्चमध्ये फरशीखाली आमच्या पुरायच्या दोन जागा आहेत. एकीत आई आहे. दुसरी माझी."

त्याचं हसू थांबलं. चर्चमध्ये जागा मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षं खटपट करत होता. त्याने चांदीचे चौसष्ट रेआल मोजले. प्रत्येकावर आमच्या टांकसाळीची, गावच्या जलसेतूची खूण होती. माझ्या हातचा शिक्का मी ओळखला, आणि मला रडू आलं.

बत्तीस मिस्सा झाल्या. शेवटची झाली त्या दुपारी मी चुलीकडे डोळे लावून बसलो. आई आली नाही.

"सुटली गं बाई," म्हणत ब्रिखिदाने लसणीचं सार पुढे ठेवलं. मग तिचा आवाज खाली आला. "दादा, आता तुला कुठे पुरायचं? आणि तुझ्या मिस्सा?"

"भिकाऱ्यांच्या खड्ड्यात मिस्सा लागत नाहीत."

ती कमरेच्या फडक्याने डोळे पुसत भांडी घेऊन बाहेर गेली. मी उठलो आणि आई उभी राहायची तिथे जाऊन उभा राहिलो. फरशी गार होती. तिथून माझं बाकडं दिसतं, दार दिसतं, ब्रिखिदाचा पाठमोरा खांदा दिसतो.

"तिथे काय करतोयस?" तिने वळून विचारलं.

"काही नाही," म्हटलं. "जागा बघतोय."