जगदेव मिस्त्रीची बॅटरी

जगदेव मिस्त्री म्हणजे तोंडाचा बादशहा. कारंज्यातल्या अर्ध्या घरांतली कपाटं आपण बसवली असं हा सांगतो. त्यातली निम्मी दारं लागत नाहीत असं लोक सांगतात. राखीच्या तर तो पहिल्या दिवसापासून डोक्यात गेलेला. ड्रिल मशीनच्या मेलेल्या बॅटऱ्या उघडायच्या, आतले सेल बदलायचे आणि त्या पुन्हा चालत्या करून द्यायच्या, हे राखीचं काम. हुकूमचंद शेठच्या हार्डवेअरच्या ओट्यावर तिचं टेबल आणि सेल जोडायचं मशीन. तिथं येऊन हा दीडशहाणा तिलाच सेल कसा ओळखायचा ते शिकवायचा!

दसरा झाला आणि राखीनं सेल बदलून दिलेली त्याची बॅटरी बंद पडली. झालं, गावभर बोंब: राखीचा माल बोगस. गिऱ्हाईक फिरकेना. शेठ मुळात भित्रे. आज हे मिटव, नाहीतर उद्या ओटा मोकळा कर, असं त्यांनी तोंडावर सांगून टाकलं. ज्या टेबलामुळं दुकानात गर्दी व्हायची, तेच आता त्यांना जड झालं होतं.

जगदेव आला तो बायकोला घेऊन. तुळसाबाई मोटारसायकलवरून उतरून, पिशवी धरून बाजूला उभी राहिली. मिस्त्रीनं बॅटरी टेबलावर आदळली आणि ओट्यावर टेकलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गॅरंटी मागितली. राखीनं स्क्रू काढले. आत सगळा गंज, सर्किटवर वाळलेल्या कुंकवाचा चिखल आणि सेलांच्या फटीत चक्क अक्षता!

"पूजेच्या आधी बादलीत बुचकळली का हो, मिस्त्री?" राखीनं विचारलं.

लोक फिसकन हसले. पण एवढ्यावर गप्प बसेल तर तो जगदेव कसला! त्यानं सरळ बायकोकडे बोट केलं. या अडाणी बाईनं धुतली, म्हणाला, हिले सांगून सांगून थकलो. ओट्यावरच्या माणसांनी लगेच माना डोलावल्या. बायकोचं नाव निघालं की या लोकांना काहीही पटतं. शेठही लागलेच सुरात सूर मिसळायला: घरच्या बाईची चूक, होते असं, राखी, गिऱ्हाईक तोडू नको, बदलून दे. राखीला त्या सगळ्यांची शिसारी आली.

तुळसाबाईनं पदर सावरला. तिनं आवाज चढवला नाही.

"दसऱ्याले मी बाहेर बसेल होती," ती म्हणाली. "यायनं मले आंगणातबी येऊ देल्लं नाही. अवजाराले इटाळ होते म्हणे. मंग धुतली कोनं?"

ओट्यावरची सगळी मर्दमंडळी आपापल्या चपला पाहू लागली. शेठ गल्ल्यामागं जाऊन बसले. ओट्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. राखीनं ती उघडी बॅटरी तशीच जगदेवच्या हातात दिली आणि आपलं स्टूल तुळसाबाईपुढं सरकवलं.

"बसा बाई," ती म्हणाली. "अशा इकडं, माह्या मशिनीजवळ."