नऊ घरांच्या कोंबड्या

नोव्हेंबर ते जानेवारी माझी जव्हारला नेमणूक होती. मानसोपचार शिकणाऱ्या प्रत्येकाला असे तीन महिने गावोगावच्या शिबिरांत काढावे लागतात. सकाळी जीप, दुपारी रुग्ण, संध्याकाळी क्वार्टर. पाचव्या आठवड्यात मी सहज एक मोजणी केली. रुग्णांना विचारलेले प्रश्न आणि दिलेल्या सूचना वगळल्या, तर दिवसभरात मी किती वाक्यं बोलते? मंगळवारी सात निघाली. त्यातली दोन जीपवाल्याशी.

माझ्या रुग्णांतली रुपी जव्हारकडच्याच वांगणीजवळच्या एका पाड्यावरची. चाळिशीची, भावाकडे राहणारी. चार वर्षांपूर्वी तिला आवाज ऐकू यायचे आणि ती रानात निघून जायची. गोळ्यांनी ते थांबलं होतं. दिवाळीनंतर पाड्यावरची नऊ घरं वीटभट्टीवर निघाली, तेव्हा तिचा भाऊ गोमा शिबिरात आला.

"हिला नेऊ का संगती?" त्यानं विचारलं.

भट्टीवर गोळ्या चुकतील, झोप होणार नाही, म्हणून मी सांगितलं, इथंच राहू दे. पाड्यावर रुपी राहिली आणि टोकाच्या घरातलं एक म्हातारं जोडपं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उज्ज्वलाचा फोन आला. ती शेजारच्या गावातली आशा स्वयंसेविका. रुपीच्या गोळ्या तीच पोचवायची.

"म्याडम, रुपीचं परत चालू झालंय. बंद दारांसमोर उभी राहते आणि हाका मारते. लहान्या, चल. सुकी, चल. ती माणसं तर भट्टीवर आहेत."

"जवळ जाऊन विचारलंत तिला?"

"नाय. वरच्या वाटेवरून दिसली. दिवस बुडत होता."

ते 'नाय' मी ऐकलं आणि पुढे गेले. कॉलेजातल्या माझ्या सरांना फोनवर सांगितलं, समोर नसलेल्या माणसांशी बोलते. सर म्हणाले, मात्रा वाढव. रात्रीची एक गोळी मी दोन केली.

बारा दिवसांनी पाड्यावर गेले, सोबत उज्ज्वला. दारं तारांनी बांधलेली, अंगणांत नागलीचा पेंढा. रुपी ओट्यावर बसली होती. हात थरथरत होते, चेहरा ताठ, शब्द सावकाश येत होते. ही लक्षणं मला पाठ होती. औषध जास्त झालं की अशीच दिसतात.

"गोळी तू वाढवलीस, बाय?" तिनं विचारलं. इथं लहानमोठं कुणी असो, सगळ्यांना तूच म्हणतात.

"हो."

"मग दोन कोंबड्या तुझ्यामुळं गेल्या."

मी उज्ज्वलाकडे पाहिलं. रुपीनं अंगणाकडे बोट केलं. तीसेक कोंबड्या उकरत होत्या. प्रत्येकीच्या पायाला चिंधी होती. लाल, निळी, पोपटी, ठिपक्यांची.

"लाल लहान्याच्या घरची. निळी सुकीची. भट्टीवर कोंबडी नेता येत नाय, तर जाताना मना देऊन गेली. या साली पहिल्यांदा मना दिली. आधी म्हणायचे, येडीच्या हातात काय द्यायचं?"

"मग हाका कुणाला मारतेस?"

"कोंबड्यांना. दिवस बुडाला का त्या आपापल्या दारात जाऊन बसतात. दार बंद, तरी जातात. मग मी दारोदार फिरते, ज्याचं घर त्याचं नाव घेते, आन इथं आणून डालग्याखाली घालते. रातच्या तुझ्या गोळ्या उतरतच नाय, दिवसाउजेडीच डोळे मिटतात. सुकीच्या दोन मुंगसानं नेल्या."

उज्ज्वला हळूच म्हणाली, "आमच्याकडं पण घरच्या नावानंच हाकतात. मला सुचलंच नाही."

मला सुचण्याचा प्रश्नच नव्हता. कोंबडी संध्याकाळी कुठे जाते, हे मला माहीत नव्हतं. पण मला जवळ जाता आलं असतं.

मी मात्रा पूर्वीइतकी केली, थरथर थांबवायची गोळी चार दिवसांपुरती दिली. कंप आठवडाभरात जाईल, असं सांगितलं. ती ऐकत नव्हती.

"होळीला सुकी येईल. म्हणेल, येडीनं घालवल्या. पुढल्या साली कोण देईल मना?"

"मी सांगेन सुकीला."

"तू होळीला आहेस का हितं?"

नव्हते. पंधरा दिवसांत माझी मुदत संपत होती.

"मग लिहून दे. लहान्याची पोर वाचते. आन शिक्का मार, बिनशिक्क्याचं कुणी खरं धरत नाय."

मी लिहिलं: सुकीच्या घरच्या दोन कोंबड्या मुंगसानं नेल्या तेव्हा रुपी झोपेत होती, कारण मी तिला जास्त औषध दिलं होतं. चूक डॉक्टरची आहे. रुपी नीट सांभाळत होती. खाली सही, तारीख, शिक्का. रुपीनं शिक्क्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि कागद तांदळाच्या डब्यात ठेवला.

शेवटची जीप साडेपाचला होती. उज्ज्वला उठली. रुपी भिंत धरून उभी राहायला गेली आणि पुन्हा बसली.

"पाय उचलत नाय," ती म्हणाली. "कोंबड्या जायला लागल्या बघ."

खरंच, एकेक करून त्या निघाल्या होत्या. निळ्या चिंधीची एक सुकीच्या तारेनं बांधलेल्या दारात जाऊन बसली.

"जीप जाऊ द्या," मी उज्ज्वलाला म्हटलं.

"मग माझ्याकडं चला जेवायला. भाकर आणि सुकट आहे, चालेल?"

"तू रोज एकटीच जेवतेस?" रुपीनं मला विचारलं.

"हो."

"मग गोळी तू घे." तिचा ताठ चेहरा थोडासा हलला.

मी सुकीच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. आत कुणी नव्हतं.

"सुकी, चल."

कोंबडीनं मानसुद्धा वळवली नाही.

"मोठ्यानं," मागून रुपी म्हणाली. "दवाखान्यात बोलतेस तसं नको."

अडीच महिन्यांत मी आवाज चढवला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. मी श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली. कोंबडी उठली, दाराकडे पाहत राहिली. वरच्या वाटेवरून कुणी चाललं असतं, तर त्याला मी दिसले असते.

"सुकी," मी म्हटलं, "चल घरी."