कोपऱ्यातल्या गाठी

"बादली सरकव आणि तोंड मागे घे," दाराआडून आई म्हणाली.

"तोंड काढून ठेवू का बाहेर?" पोरगी म्हणाली, पण चार पावलं मागे सरली.

दार वीतभर उघडलं. रिकामी बादली आत गेली आणि भरून बाहेर आली. आत आईचे कपडे होते, आणि सगळ्यात वर एक तळहाताएवढा चौकोनी तुकडा, चारी कडा आत दुमडून टाके घातलेला.

"हे काय आता?"

"पांघरूण होईल जोडून. रोज एक देईन. उकळत्या पाण्यातून काढ, वाळव आणि बिस्किटांच्या डब्यात ठेव. एकावर एक."

"तुला कधीपासून शिवणकाम सुचायला लागलं?"

"मग काय आणखी दहा दिवस भिंती बघत बसू?"

आई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. रडून लालबुंद झालेल्या पोराच्या केसाएवढ्या शिरेत सुई घालावी तर तिनेच. दुसऱ्या वॉर्डातूनही तिला बोलावणं यायचं. सगळे तिला सुईवाली म्हणत. साथ तिच्यासोबतच घरी आली, तशी ती मागच्या खोलीत जाऊन बसली. चौदा दिवस क्वारंटाईन. घरात दोघीच. पोरीने शाळा सोडल्यापासून दोघींचं वर्षभर धड बोलणं नव्हतं. आता मध्ये दार होतं, म्हणून जरा तरी बोलत होत्या.

ताप चौथ्या दिवशी उतरला. पाचव्या दिवशी सकाळी पोरीने दाराशी चहा ठेवला. आईचा हात बाहेर आला, आणि कप बशीवर वाजायला लागला. कट कट कट. हात झटकन आत गेला.

"गरम आहे," आई म्हणाली.

चहा कोमट होता. त्याच दुपारी तो पहिला तुकडा आला.

तिने तो उजेडात धरला. घडी झकास होती. गॉझची घडी घालतात तशीच, कड आत, कारण सुटलेला दोरा जखमेत जातो. पण टाके? एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच चाललेला. कोपऱ्यात एक जाडी गाठ. आईचं काम आणि हे असं? पोरीचं डोकं फिरलं. कुणावर ते तिलाही कळेना. तिने कात्री घेतली, सगळं उसवलं, गाठ कापली आणि सुई ओवून स्वतः शिवायला बसली. बोटात तीनदा टोचलं. वर्गात ज्या पोरीला पाऊण तास बसवत नसे, ती संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही.

दुसऱ्या तुकड्याला दोन गाठी होत्या. तिसऱ्याला तीन. पाचव्याला चक्क पाच, एकावर एक. हात आणखीच बिघडतोय की काय?

"हात कसा आहे गं?" तिने दारातून विचारलं.

"कसा असणार? मनगटाला जोडलेला."

"सरळ सांग ना."

"आमटीत मीठ कमी होतं. हे सरळ सांगितलं."

वॉर्डातून मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "काय गं, कधी येतेय सुईवाली? इथे एकेका पोराला चार-चारदा टोचतायत."

"येईल. तिच्या हाताला काय धाड भरलीय?" पोरगी फटकन बोलली. सिस्टरांनी हाताचं विचारलंच नव्हतं.

पंधराव्या दिवशी आई बाहेर आली. गाऊन खांद्यावरून ओघळत होता. पोरगी पुढे झाली, पण काय करावं ते सुचेना, म्हणून तिने खुर्चीच पुसली.

"डबा आण," आई म्हणाली.

आईने दहाही तुकडे टेबलावर रांगेत मांडले. सगळे सरळ, सगळे सारखे. तिने एक उलटा केला, मग दुसरा.

"हे कुणी शिवलं?"

"तूच की."

"माझे टाके मला कळत नाहीत होय गं?"

"वाकडे होते. सरळ केले."

"आणि गाठी?"

"कापल्या. रोज एकेक वाढत होती. मला वाटलं, हात दिवसेंदिवस..."

आई खुर्चीत टेकली. "अगं, त्या दिवसांच्या गाठी. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. म्हणून तर डब्यात टाकायला सांगितलं. रोज बघितले असते तर मला सरळच दिसले असते. बाहेर आल्यावर एकदम ओळीने बघणार होते, हात सुधारतोय का. त्याशिवाय कुणाच्या लेकराला सुई कशी टोचू?"

पोरीने एक तुकडा उचलला आणि परत ठेवला.

"एकेक टाका तू उसवलास," आई म्हणाली. "तुझे डोळे घारीचे. तूच सांग. सुधारत होता?"

हो म्हटलं असतं तर आई उद्या ताठ मानेने वॉर्डात गेली असती. एवढ्याशा शब्दाने. पोरगी बराच वेळ टेबलाच्या कडेला नख घासत राहिली.

"सहाव्यापर्यंत सुधारला," ती म्हणाली.

"मग?"

"मग तेवढाच. सातवा, आठवा, दहावा, सगळे सारखे. कोपऱ्यावर वळताना टाका सुटायचा."

आईने मान हलवली, ड्यूटी बदलताना दुसऱ्या नर्सकडून पेशंटची माहिती घ्यावी तशी. मग फोन लावला. "मोठ्या सिस्टर, उद्यापासून येते. पण सुईला दुसरी कुणी बघा. मला गॉझच्या घड्यांवर बसवा." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. "नाही हो, मनाचं नाही सांगत. घरात तपासणारी आहे."

फोन ठेवून तिने कापड घेतलं. सुईत दोरा जाईना. पोरीने काही न विचारता सुई घेतली, ओवली आणि परत दिली. आई शिवायला लागली. कोपऱ्यावर टाका सुटला. पोरीचा हात कात्रीकडे गेला, मग तिने तो मांडीखाली दाबून धरला.

शेवटी आई गाठी मारायला लागली. पोरगी तोंडातल्या तोंडात मोजत होती. अकरा झाल्या.

पोरीने तो तुकडा डब्यात सगळ्यात वर ठेवला. गाठींमुळे झाकण नीट बसेना. तिने ते तसंच राहू दिलं.