नैवेद्याची क्वार्टर

माझी सून वेदिका घरी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. एकदा मी आत गवार मोडत होते आणि बाहेर ती 'स्पॉइल' हा शब्द समजावून सांगत होती. दूध नासलं तरी स्पॉइल, सहलीचा विचका झाला तरी स्पॉइल, आणि लेकराचे नको तेवढे लाड केले तरी स्पॉइलच. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, पण लाड करणं चांगलंच ना?" वेदिकानं पुस्तकाचं पान उलटलं. मग म्हणाली, "पुढचा शब्द घ्या." मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

अमोल माझा एकुलता एक. तीन खेपा वाया गेल्यावर झालेला. छत्तीस वर्षांचा घोडा झालाय, पण अजून ताट हातात द्यावं लागतं. शाळा बुडवायचा, मी चिठ्ठी लिहायची, पोटात दुखतंय. मोठा झाल्यावर गोटीरामशेठच्या भाजीच्या गाळ्यावर वजनकाट्याला लागला. पिऊन पडला की शेठना माझा फोन, ताप आलाय. इतके ताप आलेला माणूस जिवंत कसा, हे शेठनी कधी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

फेब्रुवारीत तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. तेव्हा वेदिकानं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "आता एक घोट जरी गेला, तरी मी लेकीला घेऊन निफाडला जाईन. माहेरी, कायमची." ती बोलते ते करते. सात महिने घोट गेला नाही. संध्याकाळी तो नातीला गोदेच्या काठाने फिरवून आणायचा, येताना कोथिंबीर आणायचा. मी सुखात होते, पण भीतभीत.

मग सर्वपित्री अमावस्या आली. आमचे हे, सावळीराम, जाऊन चार वर्षं झाली. खीर, वडे, कढी, भजी, सगळं केलं. अमोलनं गच्चीवर पान ठेवलं. कावळा आला, पाण्याच्या टाकीवर बसला, मान वाकडी करून बघत राहिला. पानाला काही शिवेना. तास गेला. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही, आणि मी पहाटे चारपासून उभी होते. कंबर बोलायला लागली होती.

वणीहून माझी नणंद अक्काबाई आली होती. ती म्हणाली, "दादाचं काहीतरी राहिलंय. रोजचे दोन पेग घेणारा माणूस हाय तो, खिरीवर येईल व्हय? क्वार्टर आणा."

आमच्यात ठेवतात. कोणी विडी ठेवतं, कोणी तंबाखू. जाणाऱ्याला जे आवडायचं ते.

"मी आणते," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"लेकानंच आणायची," अक्काबाई म्हणाली. "बापाचं मागणं लेकाच्याच हातनं जावं लागतंय."

वेदिका नातीच्या शाळेत गेली होती. अमोल माझ्याकडे बघत होता. "आई," तो हळूच म्हणाला, "मला नको पाठवू. दुसरं कोणी गेलं तर नाही का चालणार?"

पोरगं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून नको म्हणत होतं. आणि मी काय म्हणाले? "एवढं काय त्यात! तू थोडाच पिणार आहेस? जा बाळा, सगळे उपाशी आहेत."

तो गेला. आणली. पेल्यात ओतून पानाशी ठेवली. कावळ्यानं लगेच वड्याला चोच मारली. अक्काबाईनं हात जोडले. उरलेल्या बाटलीचं काय करायचं, मी विचारलं. "नैवेद्याची हाय, फेकू नाय," ती म्हणाली. मी ती ओट्यावर ठेवली. अमोल मागून बसतो म्हणाला, आणि आम्ही दोघी जेवायला बसलो.

ताक घ्यायला उठले तेव्हा ओट्यावर बाटली नव्हती. गच्चीवर जाऊन पाहिलं, तर पेलाही रिकामा होता. अमोल आतल्या खोलीत पालथा पडला होता.

वेदिका तीन वाजता नातीला घेऊन आली. दारातूनच तिला वास आला. अक्काबाई पदर सावरत म्हणाली, "प्रसाद होता गं." वेदिकानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाटातून बॅग काढली आणि नातीची पुस्तकं भरू लागली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गोटीरामशेठ. "सिंधूताई, अमोल दुपारून येणार होता ना?"

ताप हा शब्द जिभेवर तयारच होता. वेदिकाचा हात थांबला होता. मी म्हणाले, "शेठ, तो पिऊन पडलाय. मीच पाठवलं होतं त्याला दारू आणायला." शेठनी फोन ठेवला.

वेदिकाचे डोळे भरले. रिक्षा आली, नात आत बसली. मग वेदिका परत फिरली, माझा हात धरला. "आई, तुम्हीपण चला. फार दमलात तुम्ही. माझ्या आईच्या घरी राहा चार दिवस."

खरंच दमले होते. असं कोणी मला उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं. चप्पल दाराशीच होती.

"मी आले तर त्याला वाढणार कोण?" मी म्हणाले.

वेदिकानं हात सोडला. रागानं नाही, हळूच. मला माझंच वाक्य ऐकू आलं, पण तोवर रिक्षा कोपऱ्यावर वळली होती.

पाचला आतून हाक आली, "आई, भूक लागलीय."

मी बसूनच राहणार होते. मनात अगदी पक्कं ठरवलं होतं. पण दुसरी हाक आली, आणि मी कढी गरम करायला उठले.