वरून दिसणारं रान

आमच्या वाड्याचा कारभारी मी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली ते सांगावं लागतं. वाडा म्हणजे घर नव्हे. चार बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री आणि टोपल्याखालच्या कोंबड्या, असं सगळं मिळून जे एका रानातून दुसऱ्या रानात जातं त्याला आम्ही वाडा म्हणतो. आजोबांच्या वेळी तो कोकणापर्यंत जायचा. आता बहुतेक भाऊबंद मेंढरं विकून ऊस लावून बसले, नाहीतर बारामती एमआयडीसीत कामाला लागले. उरलेला आमचा वाडा बारामती-इंदापूरच्या बाहेर फारसा जात नाही.

तरी कारभारी तो कारभारीच. सकाळी मोटारसायकल काढायची आणि पुढं जाऊन रान बघायचं. कुणाचं पीक निघालंय, कुणाला मेंढरं बसवून खत करून घ्यायचंय, याचा अंदाज घ्यायचा. मालकाच्या ओट्यावर चहा प्यायचा, शब्द घ्यायचा आणि परत येऊन म्हणायचं, 'चला.' मग बायका घोड्यांवर ओझी लादतात. मी 'चला' म्हटल्याशिवाय कुणी दोरी सोडत नाही. म्हणजे, सोडत नव्हतं.

हे सगळं बिघडवलं माझ्या सख्ख्या बहिणीनं.

सुकन्या माझ्यापेक्षा धाकटी. वाड्यातच जन्मली, लग्न होईपर्यंत मेंढरांमागं चालली. मग तिला लासुर्ण्यात दिली. आमचे दाजी ज्ञानेश दुधाच्या फॅक्टरीत आहेत. पक्कं घर आहे, दारात नळ आहे, डोक्यावर पंखा आहे. माणसानं सुखानं गप्प बसावं की नाही? पण गावात एकदा कोणीतरी बायकांना मोबाइलवर उपग्रहाचे फोटो बघायला शिकवायला आलं. सगळ्या जगाचे फोटो, फुकट, दर पाच दिवसांनी नवे. बाकीच्या बायकांनी आपापला ऊस बघितला, 'अगं बया' म्हणाल्या आणि मोबाइल बाजूला ठेवला. आमच्या हिला स्वतःचं रान नाही, म्हणून हिनं दुसऱ्यांची बघितली. मागच्या फोटोत हिरवं होतं ते नव्यात मातकट झालं, म्हणजे पीक निघालं. पीक निघालं म्हणजे मेंढरांना चरायला रान मोकळं. इतकी साधी गोष्ट. ती मला सुचली नाही, हा काय माझा गुन्हा?

पहिला फोन आला तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"आबा, कळंबच्या अलीकडं ओढ्याच्या अंगाला मका निघालीया," सुकन्या म्हणाली. "लई मोठा पट्टा हाय. दुसरा वाडा यायच्या आत जावा."

"पंख्याखाली बसून हिला मका दिसती व्हय?" मी म्हणालो.

तरी गेलो. मका निघालेलीच होती. मालक तर मेंढरं कुठं मिळतील म्हणून विचारतच फिरत होता. मेंढरांनी सांडलेली कणसं आणि पाला असा काही ओढला की संध्याकाळी त्यांची पोटं दोन्ही बाजूंनी फुगली. आबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "माझी सुकी म्हंजी डोळं हायती डोळं."

मी शेजारीच उभा होतो. माझ्या उभ्या जन्मात आबांनी मला कधी शाबास म्हटलेलं नाही. उन्हातान्हात मोटारसायकल हाणून माझे डोळे लाल होतात, त्यांना मग काय म्हणायचं?

त्यानंतर रोजचंच झालं. सुकी म्हणती असं, सुकी म्हणती तसं. मी एखाद्या रानाचं नाव घेतलं की आबा खिशातला फोन चाचपायचे. आमची साखरबाई ताटात भाकरी टाकता टाकता विचारायची, "वन्संना इचारलं का?" स्वतःच्या बायकोनं तरी आपल्या बाजूनं असावं, एवढी माझी अपेक्षा जास्त होती का? मी जळत होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फोन वाजला की छातीत आग व्हायची. तिचं एखादं रान चुकीचं निघावं म्हणून मी मनातल्या मनात बिरोबाला नारळ बोललो होतो. देवानं ऐकलं नाही. त्याच्याकडंही बहुतेक तिचाच फोन गेला असावा.

मग एक दिवस मी हट्टाला पेटलो. सुकन्या म्हणाली होती, लासुर्ण्याच्या वाटेला उसाची तोड झाली आहे, तिकडं वाडं पडलंय. उसाचं वाडं म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. मेंढरं त्यावर तुटून पडतात. मी म्हणालो, नाही. बारामतीच्या बाजूला झुंबर नावाच्या बागायतदाराचं कांद्याचं रान मी दोन-तीन दिवसांपूर्वी माझ्या डोळ्यांनी बघून आलोय, त्यानं शब्द दिलाय, तिकडंच जायचं.

"पोरीला इचार तरी," आबा म्हणाले.

"कारभारी मी हाय का ती?" मी म्हणालो, आणि चला म्हणालो.

ऊन डोक्यावर असताना पोचलो. बायकांनी घोड्यांवरची ओझी उतरवली, चुली मांडल्या, मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, सोडली. आणि मी रानाकडं बघितलं तर रान काळंभोर. रोटर मारून मोकळं. कांद्याची पात मातीत गाडली गेली होती, औषधालाही उरली नव्हती. झुंबर डोकं खाजवत म्हणाला, "तुमी कालच येनार हुता न्हवं? मला वाटलं, दुसरीकडं गेला."

शब्द मी कालचाच दिला होता. सुकन्या लासुर्ण्याकडं ओढत होती आणि मी तिच्याशी वाद घालत बसलो, त्यात कालचा दिवस गेला होता.

आमच्यात एकदा उतरवलेलं ओझं त्याच दिवशी परत लादायला लागणं ही कारभाऱ्याची नाचक्की असते. अशी वेळ आबांवर कधी आली नव्हती. कुणी मला शिवी दिली नाही; दिली असती तर बरं झालं असतं. कोकरं ओरडत होती. माझी चुलती सरुबाई, जिच्या शब्दाबाहेर वाड्यातलं कुणी जात नाही, तिनं घोडीच्या पाठीवर पुन्हा घोंगडं टाकलं आणि दोरी आवळत म्हणाली, "म्हातारं माणूस, लेकरं, मुकी जनावरं, समदी तुझ्या रागापायी उपाशी चालत्यात बघ. आता लासुर्ण्यात गेल्यावर काय ते ठरवू. तिच्याम्होरंच ठरवू. कारभार कुणाचा ते."

बाई कारभारी, हे आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. पण सरुबाई एकदा ठरवू म्हणाली की ठरवते.

लासुर्ण्याच्या रानात वाडा बसला. तिथं वाडं पडलेलंच होतं, तेही ढीगभर. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे सुकन्याच्या घरी गेलो, तर ओट्यावर खुर्ची टाकून एक तरणा माणूस बसलेला. पायात बूट, मांडीवर लॅपटॉप. संदेश त्याचं नाव, पुण्याहून आला होता. जगभरचे हे फुकटचे फोटो आणि नकाशे कोण वापरतं, कशासाठी वापरतं, याची चौकशी करणं हे त्याचं काम. असंही काम असतं, हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांनी फोटो दिले त्यांनाच ठाऊक नाही की बघतंय कोण!

"साखर कारखाने ऊस किती उभा आहे ते बघतात," तो आबांना समजावून सांगत होता. "विमेवाले नुकसान बघतात. रस्ते आखणारे, पूर मोजणारे, जमिनींचे दलाल, सगळे बघतात. पण ताईंनी आम्हाला कळवलं की मेंढरांसाठी बघते. आमच्या ऑफिसात कुणाचा विश्वास बसेना. म्हणून म्हटलं, जाऊन भेटू."

म्हणजे पुण्याहून माणूस आला होता. हिला भेटायला. मी अख्खा जन्म रानं बघण्यात घालवला, मला भेटायला कधी तलाठीही आला नाही. सुकन्या चांगली साडी नेसून, पदर सावरून बसली होती, आणि तिच्या त्या सावरलेल्या पदराचाही मला राग आला.

"तर ताई, हे तुम्ही वापरता," संदेश म्हणाला.

"मी कुठं?" सुकन्या म्हणाली. "मी निस्ती बघती. वापरतो त्यो आमचा दादा. मालकाशी बोलणं, पानी कुठं हाय, कुत्री किती हायती, रानात औषध मारलंय का, ते कुठं दिसतंय ह्यात? ते त्यालाच कळतंय. कारभारी त्यो हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरुबाईनं मान हलवली. "बरं झालं, पोरीनंच सांगितलं," ती म्हणाली. "मग मल्हार, कारभार तुजाच. मिटलं."

मिटलं! मला वाटलं होतं, हे ऐकलं की पोटात थंड पडेल. उलट आणखी भडका उडाला. माझं कारभारीपण आबांकडून आलं होतं, माझ्या पायांनी मी ते राखलं होतं, आणि आता ते मला हिच्या ओट्यावर, परक्या माणसादेखत, हिच्या हातून वाढून मिळालं होतं. तेवढं तरी हिनं द्यायला नको होतं.

संदेशनं माझंही नाव टिपून घेतलं. मग तो तिला म्हणाला, "नवा फोटो पाच दिवसांनी येतो. तुम्ही आठवड्यातून एकदा बघत असाल."

"रोज बघती," ती म्हणाली.

"रोज? पण रोज तर तोच फोटो असतो."

"आसू दे की."

"मग त्यात काय बघता?"

सुकन्यानं दाराकडं बघितलं. दाजी आतून चहा घेऊन आले होते, ते तसेच दारात थांबले.

"ह्यांनी इचारलंय तर सांगती," ती म्हणाली. "चारा मागनं बघती. आदी आपला वाडा कुठं बसलाय ते बघती. सांजच्याला सैपाक करताना फोन उभा करून ठेवती म्होरं."

"दिसतो का आमी त्यात?" मी विचारलं. एवढ्या दिवसांत मी तिला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"न्हाय," ती म्हणाली. "मेंढरू दिसत न्हाय, मानूस दिसत न्हाय. एवढं बारीक न्हाय त्ये. निस्ता रानाचा चौकोन दिसतो. मला ठावं असतंय की तितं हायसा, म्हून बघती."

तिनं फोन माझ्यापुढं धरला. खरंच काही नव्हतं. मातकट रंगाचा एक तुकडा, त्याच्या कडेला हिरवी रेघ. त्यात कुठं आबा, कुठं सरुबाईची चूल, कुठं माझी मोटारसायकल, काही नाही. महिनोन् महिने ही पोरगी या रिकाम्या चौकोनाकडं बघत भाकऱ्या थापत होती.

"मला तुजा लई राग येतो दादा," ती म्हणाली, आणि हे तिनं सगळ्यांदेखत सरळ माझ्या तोंडावर सांगितलं. "तुमी जाता, मला ठेवून जाता. नवं रान हुडकती मी आणि तितं पाय तू ठेवतोस. पीक निघाल्यावर मातीचा वास कसा येतो त्यो फोनात येत न्हाय. जळती मी तुज्यावर. फोन ठेवला की जळती."

आबा खाली बघत होते. संदेश लिहायचा थांबला होता. त्याच्या चौकशीत असं उत्तर कुठं बसवायचं ते त्याला कळेना.

"एकदा मला ने पुढं बघायला," सुकन्या म्हणाली. "गाडीवर मागं बसंन. बोलनार न्हाय."

बोलणार नाही म्हणे. मला तिचा स्वभाव ठाऊक होता. पहिल्याच ओट्यावर ती मालकाशी बोलणार, मालकीण तिला आत बोलावणार, आणि परतताना मी हिचा गाडीवाला होऊन येणार. वरून दिसणारं तिचं होतंच, आता खालचंही तिचंच होणार. मग माझ्याकडं काय उरतं? नाही म्हणायला मी तोंड उघडलं. कारणंही तयार होती, बाईमाणूस, घरदार, दाजी काय म्हणतील. पण दाजी दारातून माझ्याकडंच बघत होते आणि त्यांच्या हातातला चहा निवत चालला होता.

छातीतली आग काही विझली नव्हती. पण आजवर मला वाटायचं, या घरात जळणारा मी एकटाच आहे.

"उद्या सकाळी तयार ऱ्हा," मी म्हणालो.

"उद्या कशाला?" सुकन्या म्हणाली. "अजून ऊन हाय की." आणि ती चांगल्या साडीचा पदर खोचून चपला शोधायला लागली.