आईचं कडक सोवळं

शनिवारी सकाळी आई दुधाच्या पिशव्या धूत होती. प्रत्येक पिशवी सात वेळा. ती मोजत असताना कुणी बोललं की पुन्हा एकपासून, म्हणून त्या वेळी गप्प राहायला मी लहानपणीच शिकले होते. बाबा गेल्यापासून कर्वेनगरच्या घरात आम्ही दोघीच.

पिशव्या संपल्यावर ती टेबलाशी आली. मी कॉलेजात ग्रंथपाल. लॅपटॉपवर तिच्या आजारावरचे शोधनिबंध काढून बसले होते. मंत्रचळ, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ओसीडी. निदान गेल्या वर्षी झालं, तोवर तीस वर्षं उलटली होती.

"आमच्यावर किती निबंध?" तिने विचारलं.

मी आकडा दाखवला. इतका कमी पाहून मी चिडलेच होते. शेजारी नैराश्याचा, कितीतरी पटींनी मोठा.

"अगं बाई! आजारांतही थोरल्या जावेलाच मान?"

"थोरलीलाही पुरेसं मिळत नाही, आई."

"तिला मिळू दे गं. पण धाकटीला निदान पानावर तरी बसवा." ती हसली आणि पुन्हा हात धुवायला उठली.

रविवारी तिसऱ्या आंघोळीच्या वेळी ती साबणाच्या फरशीवर घसरली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौदाव्याला जेवणं उरकल्यावर शरच्चंद्रमामा, आईचे थोरले भाऊ, बोलायला उभे राहिले.

"श्यामलाचं सोवळं म्हणजे सोवळं! अहो, पाहुणा गेला की दाराची कडीसुद्धा धुवायची. अशा बायका आता व्हायच्या नाहीत."

माना डोलल्या. कडी धुताना तिच्या बोटांच्या भेगांतून रक्त यायचं. मलम मी लावायचे. आणि कुणी विचारलंच, तर मीही म्हणायचे, "आईचं सोवळं कडक आहे." सोयीचं होतं ते. सोवळ्याचं कौतुक होतं, त्याला डॉक्टर लागत नाही. घरच्यांनीच ज्याला आजार म्हटलं नाही, त्याचे निबंध कमी पडले म्हणून मी कुणावर चिडत होते?

"वल्लरी, तूही बोल दोन शब्द," मामा म्हणाले.

मी उठले.

"ते सोवळं नव्हतं, मामा. ती आजारी होती."

"अगं, चारचौघांत हे..."

"चारचौघांतच. मंत्रचळ म्हणतात त्याला. तीस वर्षं तिने तो सोसला, आणि आपण त्याचं कौतुक करत राहिलो. मीसुद्धा."