शिक्षण सोडलेली तनया

कृष्णनाथ परबांचा आकडा चुकला असं कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याचंच डोकं तपासून घ्यायला सांगितलं असतं. डिचोली तालुक्यातल्या एका कॉलेजात ते एकतीस वर्षं हेडक्लार्क. हाताशी लाकडी पट्टी, कानावर लाल पेन्सिल, आणि कॉम्प्युटरशी उभा दावा. असा माणूस शनिवारी मुळगावच्या घरी आला तो तोंड पाडून.

झालं होतं असं. कॉलेजात तपासणी समिती यायची होती आणि प्राचार्यांना एक तक्ता हवा होता. पहिल्या वर्षापासून आपल्याकडेच असलेल्यांपैकी किती जण पदवीधर झाले, आणि मध्येच दुसऱ्या कॉलेजातून आलेल्यांपैकी किती? कृष्णनाथांनी दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीचं प्रवेशाचं रजिस्टर आणि निकालाची यादी शेजारी ठेवून पट्टी लावली. एकूण पास शहाऐंशी. बाहेरून आलेले नऊ. त्यातली पाच नावं निकालात सापडली, उरलेल्या चौघांपुढे त्यांनी लाल अक्षरांत ‘शिक्षण सोडले’ असं लिहिलं. शहाऐंशीतून पाच गेले, राहिले एक्क्याऐंशी, ते आपल्या एकशे बारांतले. म्हणजे आपले शंभरात बहात्तर आणि बाहेरचे जेमतेम छप्पन्न. प्राचार्य म्हणाले, हे लोक आपला आकडा खाली ओढतात, सोमवारच्या बैठकीत ठरवूनच टाकू, यंदापासून मधल्या वर्षाला बाहेरचं कोणी घ्यायचं नाही.

आणि कृष्णनाथांच्या खणात नंदाचा अर्ज होता. नंदाचे वडील हरी मूळचे बेळगावकडचे, पेडण्यात बांधकामावर होते. आता डिचोलीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बिऱ्हाड इकडे आलं. पोरीचं पहिलं वर्ष तिकडे झालेलं, चांगल्या मार्कांनी. इथे दुसऱ्या वर्षाला घेतली नाही तर रोज तीन बसगाड्या बदलून पेडण्याला जा, नाहीतर घरी बस. हरी दोनदा खिडकीशी येऊन हात जोडून उभे राहिले होते आणि कृष्णनाथांनी ‘बघतो’ म्हणून शब्द दिला होता. आता त्यांच्याच पेन्सिलीने त्या पोरीची वाट अडवली होती. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी चहाबरोबर उंडे पाव खाऊन झाल्यावर त्यांनी तो तक्ता सुनेपुढे ठेवला. असले कागद टाईप करायला सून लागे. सुमंगला होतीच हुशार. तिची पदवी फ्रेम करून फ्रिजच्या वर टांगलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला कृष्णनाथ स्वतः दाखवत. ती भराभर टाईप करत गेली आणि एका ओळीशी थांबली.

“बाबा, ही तनया हळर्णकर कोण?”

असेल पेडण्याकडची कोणी, कृष्णनाथ पेपरातून डोकं न काढता म्हणाले. या मुलींचं असंच असतं, लग्न झालं की बसल्या घरी.

“लग्न झालं खरं,” सुमंगला म्हणाली. “पण घरी नाही बसली. तुमच्या कॉलेजात येऊन पहिल्या वर्गात पास झाली. ती बघा, फ्रिजवर टांगलीय.”

कृष्णनाथांनी फ्रेमकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि पेपर त्यांच्या हातातून खाली घसरला. अहो, कोरगावच्या हळर्णकरांची तनया लग्न होऊन याच घरात आली होती! बोहल्यावर भटजींनी ताटात तांदूळ पसरले आणि त्यांच्या मुलाने, गौरेशने, अंगठीने नवं नाव लिहिलं, सुमंगला. नाव सुचवलं होतं कृष्णनाथांनीच. अर्धवट काम त्यांना खपत नसे, म्हणून कोर्टकचेरी करून ते कागदोपत्रीही त्यांनीच बदलून आणलं. प्रवेशाच्या रजिस्टरात तनया राहिली, निकालात सुमंगला आली. चार वर्षं घरात सगळे सुमंगला म्हणत होते, आणि आधीचं नाव सासऱ्याच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

सुमंगला आधी पोट धरून हसली. मग हसता हसताच तिचे डोळे भरले. नाव बदललं त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं, म्हणाली. पण आपल्याच घरात आपण कुणाला आठवत नाही, हे आज लागलं. कृष्णनाथांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हळूच विचारलं, “अजून अशा किती?”

दोन निघाल्या. रेश्मा आणि ज्योती, शेवटच्या बाकावर तिच्याच शेजारी बसणाऱ्या. माहेर पेडण्यात, सासर इकडचं, म्हणून कॉलेज बदललेल्या आणि नावंही. दोघी पास. चौथा स्वप्नील तेवढा खरंच सोडून गेला होता, जहाजावर स्वयंपाकी म्हणून. पुन्हा हिशेब मांडला. बाहेरून आलेल्या नवांतले आठ पास, म्हणजे शंभरात एकोणनव्वद. आणि नव्या नावांमुळे आपल्यात धरलेल्या तिघी वजा होऊन आपले जेमतेम सत्तर!

सोमवारी बैठकीत कृष्णनाथ उभे राहिले आणि ‘चूक माझी’ असं म्हणाले. एकतीस वर्षांत हे शब्द त्या ऑफिसने ऐकले नव्हते. प्राचार्यांनी तक्ता दोनदा वाचला, मग हसत म्हणाले की आता बाहेरचे बंद करण्याऐवजी जास्तच घेतले पाहिजेत. दुपारी हरी लेकीला घेऊन आले. नंदाने फॉर्म भरला, तेव्हा त्यात कृष्णनाथांनी पट्टीने आखलेला एक नवा रकाना होता, ‘आधीचं नाव’. तो रिकामा सोडू का, तिने विचारलं. सोड, ते म्हणाले, पण पुढे कधी नाव बदललंस तर आधी मला येऊन सांग.

संध्याकाळी फाटकातूनच त्यांनी हाक मारली, “तनया!”

आतून उत्तर आलं नाही. गौरेश बाहेर आला, इकडेतिकडे बघून म्हणाला, “कोण आलंय, बाबा?”

“कोणी नाही,” कृष्णनाथ म्हणाले, “ती इथेच आहे.” आणि त्यांनी पुन्हा हाक मारली. या खेपेला ओले हात पदराला पुसत ती दारात आली, आणि ओ म्हणाली.